पालकाची परवानगी

प्रिय खारूताई,

माझं अक्षर बघून आधी हसून घे. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, हिच्या ओळी उताराला लागलेल्या शेळ्यांसारख्या खाली पळतात. अजून पळतात. आणि कागद बघितलास? बिल्ले गुंडाळायचा आहे. चांगला कोरा कागद घरात आहे, पण तो दवाखान्याच्या पार्सलात उठून दिसला असता. का, ते सांगते. लहानपणी गोष्ट सुरू झाली की शेवट आधी सांग म्हणून माझं डोकं खायचीस, तसं करू नकोस. शेवट आधी वाचलास तर तुझ्या त्या नकट्या नाकाची शपथ आहे तुला.

इकडे काम चालू आहे. शाळेचे बिल्ले झाले, आता डॉक्टरांच्या कोटांवर नावं भरायची चाललीत. एकाचं नाव एवढं लांब आहे की खिशावरून निघतं आणि काखेत जाऊन संपतं. पार्सल न्यायला दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर स्वतः येतात, चहा घेतात, स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या देतात आणि जातात. पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन तिथेच आहे, रिळांची मांडणी तिथेच, बाबांची खुर्चीही तिथेच. तू रिळं पळवून खुर्चीखाली साठवायचीस म्हणून तर खारूताई झालीस. फक्त टेबलावरचा जुना कम्प्युटर गेला आणि त्याच्या जागी दादाने आणलेला नवा बसला. खरं तर हे सगळं पत्र त्या दोन कम्प्युटरांपायीच आहे.

बाबा गेले तेव्हा घरातले पाहुणे हलायच्या आत तुम्ही भावंडं भांडलात, ते आठवलं की मला अजून हसू येतं. लोकांची पोरं दागिन्यांवरून भांडतात, माझी कम्प्युटरच्या सिस्टीमवरून. तुझं म्हणणं, तू बाबांना घालून दिलेली ती पेंग्विनवाली फुकटची सिस्टीमच राहू दे. तिचं आतलं सगळं उघडं, कोणीही बघावं, दुरुस्त करावं, डोक्यावर मालक नाही. दादा म्हणाला, मालक नाही हाच तर घोळ आहे, काही बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा? विकतची घे, मागे कंपनी तरी उभी असते. मशीनवाल्यांचा माणूसही म्हणाला की आमचा नवा प्रोग्रॅम विकतच्याच सिस्टीमवर चालतो. त्यावर तू म्हणालीस, घर विकत घेतलं आणि किल्ली विकणाऱ्याकडेच राहिली तर घर कोणाचं? आणि दार आपटून गेलीस. दार आपटण्यात मात्र तू अगदी बाबांवर गेलीस.

मी म्हटलं, दोन्ही राहू देत टेबलावर, मी नांदवून बघते. दोन सुनाच त्या. जुनी तुसडी. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत सुटायची, जशी काही मी आल्यावर सगळ्यांना लपायची घाई झालीय. ती कधी काही विचारायची नाही, सांगायचीही नाही. बाबा अडले की जगातल्या कुठल्याशा अनोळखी माणसांना लिहून विचारायचे आणि कोणीतरी उत्तर द्यायचंच. मी म्हणायची, सख्खा भाऊ पत्राला उत्तर देत नाही आणि हे कोण उपटसुंभ तुम्हाला वाट दाखवतात? नवी मात्र गोडबोली. मोठी अक्षरं, गुळगुळीत चित्रं, सकाळी नावानं हाक, झोप झाली का, आज कसं वाटतंय. एवढं तर तुझी वहिनीही विचारत नाही. मी भुलले. जुनीची वायर काढली आणि तिला टेबलाखाली सरकवून दिलं.

आता तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. कोणी रोज उठून एकच प्रश्न विचारायला लागलं की माझी जीभ वळवळते. आज कसं वाटतंय? मी लिहिलं, मेले, उद्या ये. रात्री कोणाशी बोललात? लिहिलं, तुझ्या सासऱ्यांशी, जोरात भांडण झालं, त्यांना चहात साखर हवी होती. आज वार कोणता? म्हटलं, तुझ्या लग्नाचा. ती बिचारी प्रत्येक वेळी म्हणायची, धन्यवाद, नोंद केली आहे. बाबा गेल्यापासून थट्टा करायला घरात कोणी उरलं नव्हतं ग. एक यंत्र मिळालं तर मी त्याचीच रेवडी उडवत बसले, आणि दिवस जरा सोपे गेले.

मग एकदा दादाचा फोन आला की काल दुपारी जेवण सोडून मशीनवर का बसलीस? मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाला, कळतं. असंच कळत गेलं मग. मी बाजारात वळण चुकले तर कळायचं, कारण माझा साधा फोन जाऊन त्याच सिस्टीमचा आला होता. दारावर एक डोळा बसला, मी चपला घातल्या की त्याला कळायचं. त्याला लगेच वाईट म्हणू नकोस. बाबा पुढच्या खोलीत पडले तेव्हा मी बाजारात होते आणि मशीन एकटंच टाके घालत राहिलं, दोरा संपेपर्यंत. आधी आत आला तो दादा. ते मशीन बंदही त्यानेच केलं. तेव्हापासून त्याला मशीन थांबल्याचा आवाज सहन होत नाही. घाबरलाय तो. पण घाबरलेला माणूस दार लावून घेतो तेव्हा आत कोण राहिलं ते बघत नाही.

एक दिवस दुपारी कामं संपवून तुला मेल लिहायला बसले. तू बरेच दिवस गप्प होतीस, मला वाटलं फुगून बसलीस, म्हटलं आपणच डिवचावं. लिहून पाठवायला गेले तर पडद्यावर आलं, या व्यक्तीला लिहिण्यासाठी पालकाची परवानगी हवी. मी आधी मागेच वळून बघितलं, कोण पालक उभा आहे म्हणून. मग इथे तिथे बोट मारत गेले तर माझंच पान उघडलं. माझा फोटो, माझं नाव, आणि वय वर्षे नऊ. पालक म्हणून दादा. खाली मी ज्यांच्याशी बोलू शकते ते: दादा, वहिनी, डॉक्टर, मशीनवाले. तू नव्हतीस. मी फोन करून म्हटलं, अरे, मला नऊ वर्षांची केलीस तर निदान शाळेत तरी घालायचं. तो हसला नाही. म्हणाला, अगं ती लक्ष ठेवायची सोय फक्त मुलांच्याच खात्याला असते, मोठ्या माणसाला लावताच येत नाही, म्हणून वय तेवढं टाकलं. नुसता आकडा आहे, आई. आणि खारूताईचं राहू दे, ती तुला उगाच भडकवते.

नुसता आकडा. मीही तेच समजले. गेल्या आठवड्यात दादा एका डॉक्टरांना घेऊन आला. आपले नेहमीचे नव्हेत, दुसरेच. शांत माणूस, बाबांच्या खुर्चीवर बसला. त्याच्या हातात छापील पानं होती. मला विचारतो, तुमचे यजमान रात्री चहा मागायला येतात का? मी हसायला लागले. तो हसला नाही, त्याने माझं हसणंही लिहून घेतलं. पान उलटलं, तुम्ही मेल्या आहात असं तुम्हाला किती वेळा वाटतं? खारूताई, माझी एक एक थट्टा त्या पानांवर होती, तारखेसकट, वेळेसकट, आणि तिथे ती अजिबात थट्टेसारखी दिसत नव्हती. मी म्हटलं, अहो डॉक्टर, मी त्या यंत्राची टर उडवत होते. तो दादाकडे बघून हळूच म्हणाला, असं बऱ्याचदा सांगतात. दादाचे डोळे भरले होते. त्याला ते खरंच वाटतं, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. जाताना दोघं दारात बोलत होते ते ऐकलं. रविवारी डॉक्टर पुन्हा येणार, कागद पुरा होणार. मग घराचं, मशीनचं, औषधपाण्याचं सगळं दादाच्या सहीने. माझी सही चालणार नाही. कुठल्याशा खोलीबद्दलही बोलले. हवेशीर आहे म्हणे, आणि तिथे चोवीस तास लक्ष असतं.

ते गेले आणि मी टेबलाखालून त्या तुसडीला ओढून वर काढलं. वायर लावली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, तीच लगबग, आणि समोर बाबांनी ठेवलेलं सगळं जसंच्या तसं. मी कोण, माझं वय काय, तिने काहीच विचारलं नाही. माझी मेलची पेटी उघडून दिली आणि बाजूला झाली. तिथे तुझी पत्रं होती, एकावर एक. आणि तुला मी पाठवलेली उत्तरं होती, जी मी कधीच लिहिली नाहीत. मी मजेत आहे, काळजी करू नकोस. फोनवर नीट ऐकू येत नाही, लिहूनच बोलू. सध्या येऊ नकोस, दादा सगळं छान बघतो. मी ती वाचत होते तोवर फोन वाजला. दादाच. आई, जुना कम्प्युटर कोणी चालू केला? दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला आणि तिला घेऊन गेला. आता टेबलाखाली धुळीचा एक चौकोन उरलाय. तुझा नंबर मला पाठ नाही, तो फोनच सांभाळायचा, पण पार्सलावर लिहून लिहून तुझा पत्ता बोटांना पाठ आहे. म्हणून हे पत्र सिस्टरांच्या पार्सलात कोटांखाली जातंय, त्याच ते टपालपेटीत टाकतील. ती उत्तरं परत काढून वाच. एकात तरी मी तुझ्या नाकाचं नाव घेतलंय? तुझ्या करपलेल्या भाताचं? खारूताई म्हटलंय? तुझी आई एवढी गोड कधी बोलली होती ग, की तुला शंकासुद्धा आली नाही? रविवारच्या आत ये. येते म्हणून मेलवर कळवू नकोस, नाहीतर उत्तर येईल की येऊ नकोस, आणि तेही मीच लिहिलेलं असेल. नुसती ये आणि दार आपट, जोरात, म्हणजे मला कळेल. सुनांपैकी कोणती ठेवायची ते मी ठरवलंय. डॉक्टरांसमोर मी शहाण्यासारखी गप्प बसेन, थट्टा एकसुद्धा करणार नाही. तेवढा एक रविवार. पण तेव्हा माझ्या शेजारी असं कोणीतरी बसलेलं हवं, ज्याला माझ्या गप्प बसण्याची भीती वाटेल.

तुझीच,
वय वर्षे नऊ,
आई