भांडायले जवळचं दुकान

पुणे

चि. रत्नमाला हिले दादाचा जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? विनोदरावांचा खोकला थांबला का? मंजुषा कॉलेजात जाताना जेवून जाते ना?

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन बेस झालं. अक्षर मोठं दिसलं तर घाबरू नको, पेनच जाड आहे.

मंजुषाचा लॅपटॉप मी इथून आणावा, असं तू म्हणतेस. परवा एका मोठ्या दुकानात जाऊन आलो. विकणारा असा भरभर बोलून राह्यला होता, की मी नुसती मान हलवत बसलो. बिघडला तर न्यायचा कुठं, हे विचारायचंच राह्यलं. तुम्ही तिकडं मेडशीहून पुण्याले नेसान का?

म्हणून तुमच्या जवळच्या मालेगावातूनच घ्या. जिथं उद्या भांडायले जाता येते, ते दुकान आपलं. विनोदरावांनी सोबत जावं, पण बोलू मंजुषाले द्यावं. वापरणार ती, तर विचारणारही तीच. डॉक्टर प्रवासाले हो म्हणतील तवा मी येईनच. माझी वाट पाहत तिचं कॉलेजाचं काम अडवू नका.

उत्तर लवकर धाड. लॅपटॉप आला तरी मंजुषाले हातानंच लिहायले लाव, जरा मोठ्या अक्षरात.

तुझा,
ग्यानबादादा