माझ्या आधी पोचणारा गृहस्थ

१४ जुलै १९३५, पुणे.
ठरले. शाळेतून एक वर्षाची रजा मंजूर. हेडमास्तरांनी विचारले, वर्षभर काय करणार? मी नुसता हसलो. सांगितले असते तर त्यांनीच लिहायला घेतले असते.

प्लॅन असा: 'बारा महिने बारामती-इंदापूर'. प्रत्येक ऋतूत तिकडची गावे, नद्या, पाट, मळे स्वतः हिंडून पाहायचे आणि सहलीला जाणाऱ्यांसाठी सचित्र पुस्तक करायचे. मराठीत असे पुस्तक नाही. प्रकाशक पोंक्षे म्हणाले, ३० एप्रिलपर्यंत मजकूर हातात पडला तर छापतो, एक दिवस उशीर झाला तर नाही. एकोणीस वर्षे मी मुलांना तांब्या आणि पेला काढायला शिकवले. माझे नाव असलेली वस्तू जगात फक्त एक, ती म्हणजे शाळेतल्या खुंटीवरची चिठ्ठी. आता पुस्तकावर असेल.

सौ. म्हणाली, बारामतीत बघायला आहे काय? तेच तर पुस्तकात येणार आहे. ती वर्षभर भावाकडे राहणार. घरातला एकुलता आरसा तिच्या ट्रंकेत गेला. भांडलो नाही. न्हावी सगळीकडे असतात.

निश्चय: रोज दोन पाने. खरे नाव कोणालाही सांगायचे नाही. विश्वास कोणावरही नाही.

१७ जुलै, बारामती.
दौंडहून छोट्या गाडीने आलो. समोरचा माणूस माझ्या छत्रीकडे दोनदा पाहत होता. छत्री मांडीखाली घेतली. उतरताना म्हणाला, छत्रीची काडी मोडली आहे. याला माझ्या काडीची चौकशी कशाला?

कऱ्हेच्या काठी प्रयागबाईंकडे खोली मिळाली. बाई विधवा, स्वतःचा भाजीचा मळा, आवाज मोठा. मी पुण्याचा मास्तर, हवापालटाला आलो, एवढेच सांगितले. त्यांनी पुढे एक अक्षर विचारले नाही. हे संशयास्पद वाटले. संध्याकाळी राहवेना, म्हणून पुस्तकाचे विश्वासात घेऊन सांगून टाकले आणि कोणाला बोलणार नाही अशी शपथ घातली. त्यांनी भाकरी थापता थापताच शपथ घेतली.

१८ जुलै.
गुरुवारचा बाजार. प्रयागबाई वांगी घेऊन सकाळीच गेल्या. दुपारी परतल्या त्या फार खुशीत. वांगी खपली असावीत.
मजकूर: पेन्सिलींना टोके केली.

२ ऑगस्ट, सांगवी.
घात झाला. या कामावर दुसरा माणूस आहे.

नीरेच्या काठी अप्पा म्हणून एक वयस्क बागाईतदार भेटले, पेरूची बाग त्यांची. मी सहज विचारतो आहे असे दाखवून विचारले, इथे पाहण्यासारखे काय? तर ते म्हणाले, पुण्याचे एक पाव्हणे बारामतीत उतरले आहेत, समदी गावे बघून बुक लिहिणार आहेत. कुठे कळले? बाजारात. दिसतो कसा? अप्पांनी पाहिलेला नाही, ऐकून माहीत: बुटका, काळी छत्री, चहाला नाक मुरडतो. मी बुटका नाही, मध्यम आहे. पण छत्री माझीही काळी असल्याने ती धोतराच्या आडोशाला धरली.

चहा दिला. फारच गोड. अर्धा ठेवला.
परतताना पाटाच्या कडेला पाय घसरून गुडघ्यापर्यंत भिजलो. कोणी पाहिले नाही, अप्पांखेरीज.

२३ ऑगस्ट, पणदरे.
तो इथल्या लोकांनाही माहीत आहे. मागल्या पंधरवड्यात सांगवीला गेला होता म्हणे, आणि पाटात पडला. गळ्यापर्यंत. दोघांनी दोर टाकून वर ओढला. ऐकून बरे वाटले. माणूस धांदरट आहे. पण त्याच सुमारास मी सांगवीत होतो आणि मला तो दिसला नाही. म्हणजे लपून राहतो.

इकडचा ऊस पुरुषभर उंच. आत माणूस सहज लपेल. तीन फडांच्या कडेने वाकून पाहत हिंडलो. उसाचे वर्णन राहिले.

१० ऑक्टोबर.
नवा प्लॅन. त्याला माझा सुगावा लागला असेल तर मी वेश बदलायला हवा. बाजारात जोतीरामकडून काळी घोंगडी घेतली. त्याच्या घरी पूर्वी मेंढरे होती, आता थोडी शेती आणि चुलत्याच्या मेंढरांची लोकर. त्याने विचारले, एवढ्या उन्हात घोंगडी कशाला? म्हटले, मला थंडी लवकर वाजते. त्याने शेजारच्या लसूणवाल्याकडे पाहिले. लसूणवाल्यानेही त्याच्याकडे पाहिले. दोघांची नावे टिपून ठेवली आहेत.

घोंगडी चावते.

१० नोव्हेंबर, इंदापूर.
परवा मोटारीने आलो. घोंगडी पांघरून, छत्री आत. मोटारीतल्या दोघांनी मला ऐसपैस जागा दिली, म्हणजे वेश जमला.

स्टँडवरच्या चहावाल्याला बोलते केले. तो म्हणाला, बारामतीत उतरलेले ते पुण्याचे पाव्हणे हल्ली घोंगडी पांघरून हिंडतात. बिचाऱ्याला हवा मानवली नसावी.
माझी युक्ती चोरली! महिन्याच्या आत!

इथून पुढे नीरा आणि भीमा यांचा संगम पाहायला जायचे होते. फार सुंदर जागा आहे असे चारजणांनी सांगितले, एकजण बैलगाडी जोडून द्यायला तयार होता. पण तो लबाड मोटारीने येणार हे नक्की, म्हणून दोन दिवस स्टँडवर बसून पाळत ठेवली. आला नाही. संगम पुढच्या खेपेला.

१३ नोव्हेंबर.
प्रयागबाईंना स्पष्टच विचारले, बारामतीत दुसरा कोणी पुण्याचा उतरला आहे का? त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. म्हणाल्या, मला ठावे हाय तो कोण, तुम्ही आधी जेवा. नाव मात्र सांगेनात. मी जेवलो, पण निषेध म्हणून दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही. त्यांनी न मागता वाढली. ही लाच होती का, विचार करतो आहे.

२२ डिसेंबर, पिंपळी.
रंगूबाई नावाच्या बाईंच्या शेतावर हुरडा. ओळख ना पाळख, बांधावरून हाक मारून बसवून घेतले. आगटीजवळ, ज्वारी डोक्याच्या वर, कणसांवर सकाळचे ऊन आणि खाली गरम राखेचा वास. हुरड्यावर लसणाची चटणी. रंगूबाईंच्या सासूबाईंनी माझ्या घोंगडीला पडलेले भोक तिथेच शिवून दिले. मन एकदम भरून आले. घरी पुण्यात कोणी मला असे बसवून घेतलेले आठवत नाही.

मग लक्षात आले की एवढे अगत्य उगीच कोण करील? त्या दुसऱ्यासाठी मला थोपवून धरले असावे. ताबडतोब उठलो. हुरडा फडक्यात बांधून दिला. घेतला. पुरावा म्हणून.
मजकूर: हुरड्याचे लिहायला हवे होते.

१४ जानेवारी १९३६.
पोंक्ष्यांना पत्र. एक लुच्चा माणूस आपल्या पुस्तकाच्या मागावर असून तो गावोगाव माझ्या आधी पोचतो, पाटात पडतो, घोंगडी पांघरतो, फुकट हुरडा खातो आणि भोळ्या लोकांचे प्रेम संपादन करतो, तरी त्याने मजकूर आणल्यास घेऊ नये, असे कळवले. चार पाने झाली. एका बैठकीत चार पाने! हात चालू लागला आहे.

५ फेब्रुवारी.
परवा पोंक्ष्यांचे उत्तर आले. जसेच्या तसे उतरतो: "आपण लिहिता ते गृहस्थ फार उपयोगी दिसतात. इतकी गावे हिंडलेला व लोकांस इतका आवडलेला मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. त्यांचा पत्ता कळवावा. आपला मजकूर अद्याप एक ओळही आलेला नाही."
दोन दिवस अंथरुणावर. प्रयागबाईंनी काढा दिला. त्यांच्यादेखत प्यायलो नाही. गेल्यावर प्यायलो.

६ मार्च.
मी ड्रॉइंगमास्तर आहे हे विसरलोच होतो! पोलिसांत द्यायचे तर चित्र हवे. तीन आठवडे सांगवी, पणदरे, पिंपळी, इंदापूर पुन्हा पालथे घातले आणि ज्याला त्याला त्या माणसाचे डोळे, नाक, मिश्या कशा ते विचारले. विशेष म्हणजे आता सगळ्यांनी त्याला पाहिले आहे. सांगताना माझ्या तोंडाकडे टक लावून, आठवून आठवून सांगतात. अप्पा म्हणाले, नाक जरा लांब घ्या. रंगूबाई म्हणाल्या, डोळ्यात जरा भ्यालेला भाव आणा.

एकोणीस वर्षांत इतके चांगले चित्र काढले नव्हते. चेहरा पाहताच कळते, माणूस आतल्या गाठीचा आहे. सहा कॉप्या केल्या. एक प्रयागबाईंना दिली, बाजारात दाखवा म्हणून.

वाटेत पळस फुलले होते. लाल रंग जवळ नव्हता.

२० मार्च, पणदरे.
पोलीस पाटील मानसिंगराव यांना अर्ज आणि चित्र दिले. त्यांनी चित्र पाहिले, मला पाहिले, पुन्हा चित्र पाहिले आणि बराच वेळ मिश्यांवरून हात फिरवत बसले. मग चावडीतल्या माणसांना बाहेर काढून मला विचारले, "ह्यो मानूस घावला तर काय करायचं म्हनता?"
मी म्हटले, तालुक्याबाहेर घालवा.
"नगं वो मास्तर. चांगला मानूस हाय. समद्यांना त्याची सवय झालीया. ऱ्हाऊ द्या की हितंच."

पोलीस पाटीलसुद्धा फितूर. आणि मी मास्तर हे यांना कोणी सांगितले? अर्जावर मी सही केली नव्हती.

९ एप्रिल.
चित्रे बाजारात लागल्यापासून एक फरक पडला. वाटेने जो तो मला रामराम घालतो, बसायला घोंगडे टाकतो. लोकमत माझ्या बाजूला वळले आहे.

२३ एप्रिल.
कळस झाला. प्रयागबाईंनी त्या लबाडाच्या चित्राला बाजारातून चौकट करून आणली आणि ओसरीवर देवांच्या तसबिरींशेजारी लावली! आता शंकाच उरली नाही. मी त्यांच्याशी बोलणे सोडले आहे. त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही, कारण बोलणे त्याच करतात.

२८ एप्रिल.
मजकुराचा हिशेब केला. चार नोटबुके भरली आहेत. त्यातून नदी, पाट, ऊस, ज्वारी, संगम असे निवडून वेगळे लिहायला बसलो. पहिल्या नोटबुकात: ऊस, लपण्यास सोयीचा. दुसऱ्यात: संगम, राहिला. तिसऱ्यात हुरडा आहे, पण खाली 'पुरावा' असे लिहिले आहे. बाकी सगळा तो. त्याची छत्री, त्याची घोंगडी, त्याचे नाक.
दोन दिवसांत दोनशे चाळीस पाने. तासाला पाच. अशक्य नाही. आधी झोपतो.

३० एप्रिल.
सकाळच्या गाडीने सौ. आली. पत्ता धड माहीत नव्हता, स्टेशनवर टांगेवाल्याला विचारले, पुण्याचे मास्तर कुठे राहतात? टांगेवाल्याने वाटेत तिला सगळे वर्ष सांगितले: पाट, दोर, घोंगडी, स्टँडवरचे दोन दिवस. ती हसत हसत आली आणि ओसरीवर पाय ठेवताच किंचाळून खाली बसली. गुरुवार म्हणून प्रयागबाईंनी तसबिरींना मोगऱ्याचे हार घातले होते. एक उरला तो त्या चित्राला घातला होता.

मी घोंगडी घेऊन बाहेर धावलो. मला पाहून ती आणखी रडायला लागली. मग उठून तिने मला दोन्ही हातांनी चाचपून पाहिले. मी म्हटले, अगं, मी नव्हे, तो दुसरा आहे, माझ्या पुस्तकावर टपलेला. तिने ट्रंक उघडून आरसा काढला, कुंकू पुसले गेले होते ते नीट केले, आणि आरसा चित्राशेजारच्या खिळ्याला टांगून मला समोर उभे केले.

मी आरशात पाहिले. चित्र पाहिले. पुन्हा आरशात पाहिले. वर्षभरात मिश्या बऱ्याच वाढल्या आहेत.

प्रयागबाई भाकरीचे पीठ हाताला तसेच घेऊन आल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमीच तर काढलंय. लई बेस जमलंय. तुमी गेल्यावर हितं काय तरी ऱ्हाया नगं व्हय?"

मी खाली बसलो. रडू आले ते आवरले नाही. पोस्ट पाच वाजता बंद झाले. सौ.ने विचारले, वर्षभर काय काय पाहिलेत? मला एक गोष्ट धड सांगता येईना. शेवटी प्रयागबाईच सांगू लागल्या, सांगवीची बाग, पिंपळीचा हुरडा, पळस. त्या सांगत होत्या आणि मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

१ मे.
पोंक्ष्यांना कार्ड टाकले: "त्या गृहस्थाचा पत्ता लागला. मजकूर त्याच्याकडेही नाही."