निळ्या चिंधीची काकडी

२७ सप्टेंबर, सकाळी ७
ही गेली त्याला सहा महिने झाले. बाग मी एकट्याने सांभाळली, एकही झाड मेलं नाही. चार मेली, पण ती आधीपासूनच आजारी होती. ऊन झकास. टोमॅटोवर बुलबुल, झेंडूवर फुलपाखरं. मी मजेत आहे. मुलीला फोनवर तसंच सांगितलं.

२८ सप्टेंबर
सगळ्यात चांगल्या काकडीच्या देठाला निळी चिंधी! हिच्या साडीची, गाठही हिचीच. बियांसाठी राखलेल्या काकडीला ही अशीच चिंधी बांधायची. माहेरचं बियाणं, तीस वर्षं टिकवलेलं. त्या काकडीला हात लावला की घर डोक्यावर घ्यायची.
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वारा असेल.

२९ सप्टेंबर
वारा गाठ मारत नाही. खार असणार. खारी फार हुशार असतात.
चिंधी सोडून काकडी खाल्ली. चौथ्या घासानंतर उरलेली खारीसाठी ठेवली.

१ ऑक्टोबर, दुपारी ४
आणखी दोन चिंध्या. संकल्प: घाबरायचं नाही. वेलासमोर उभं राहून स्पष्ट म्हटलं, "असलीस तर समोर ये."
सरडा आला.

३ ऑक्टोबर
काकडीच नसेल तर चिंधी बांधणार कुठे? सगळ्या तोडून ऑफिसात वाटल्या. कॅशियर म्हणाला, कडू आहेत. त्याची जीभच कडू.
घरी आल्यावर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

४ ऑक्टोबर
शेजारच्या नर्सबाई फाटकातून आल्या, हातात निळ्या चिंध्यांचं गाठोडं. मी ऑफिसात असताना त्याच बांधत होत्या. हॉस्पिटलात हिने साडी फाडून त्यांना दिली होती, गाठही शिकवली होती. मग मला का नाही सांगितलं, विचारलं.
"त्या म्हणाल्या, ह्यांना सांगितलं की रडत बसतील. तुम्ही गुपचूप बांधा. माझ्या गाठीला ते हात लावायचे नाहीत."
काकड्या कुठायत, बाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या पायरीवर बसल्या.

५ ऑक्टोबर, सकाळी ९
पानांखाली एक सापडली. शेंडा खारीने कुरतडलाय. पिवळी होईपर्यंत टिकली तर बियाणं वाचेल.
रजा टाकली. खुर्ची घेऊन राखणीला बसलोय. कोणाची वाट बघत नाहीये.
चिंधी मी बांधली. गाठ सैल आहे. कोणी येऊन नीट बांधली तर माझी हरकत नाही.