तुमच्या व्याह्यांसाठी ब्रश

अण्णा, गेल्या आठवड्यात मी तुमच्या व्याह्यांसाठी दाढीचा ब्रश घेतला आणि दुकानात अगदी तुमच्यासारखी वागले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण इथं कार्डिफला असं वागायची वेळच कधी आली नव्हती. सासूबाई गेल्यापासून बाबा, म्हणजे माझे सासरे, वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. स्वतःची दाढी स्वतः जमत नाही, त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दाढीचं मशीन फिरवलं तर "लॉन कापतोयस का रे?" म्हणून ओरडतात, आणि परक्या माणसाला हात थरथरलेला दिसायला नको म्हणून इथल्या सलूनची पायरी चढत नाहीत. तीन आठवड्यांचे खुंट घेऊन खोलीत बसून होते. शुक्रवारी नातीच्या शाळेत आजी-आजोबांसाठी चहा होता. "आजोबाचा दाढी टोचतो, पण तो यायला पाहिजे," हे आमच्या कन्येचं मराठी. बाबा म्हणाले, "या अवतारात? छे छे!" आणि दार लावून घेतलं.

आता बघा, हॉस्पिटलात माझं कामच ते. हातातली ताकद गेलेल्या माणसांना पुन्हा बटणं लावायला, चमचा धरायला शिकवते, वॉर्डवर कितीतरी म्हाताऱ्यांच्या दाढ्या केल्यात. पण घरात "बाबा, मी करते" म्हणायला जीभ रेटेना. का, ते तुम्हाला माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हा मीच तुम्हाला बजावलं होतं, पुण्याच्या लोकांसमोर दुकानाला सलून म्हणायचं नाही, बिझनेस म्हणायचं. तुम्ही पितळी वाटी पुसत होतात. "बरं," एवढंच म्हणालात. आणि बैठकीत म्हणालातही, "सांगलीत छोटासा बिझनेस आहे." नवऱ्याला खरं ठाऊक होतं, सासरी बाकी कुणाला नाही, असं मी चौदा वर्षं धरून चालले होते. बाबांच्या गालाला माझा हात लागला की सगळं बाहेर पडणार, ही धास्ती. वेडेपणा हो, पण होती.

तरी गुरुवारी दुपारी गेले. गावातल्या जुन्या आर्केडमध्ये, म्हणजे छताखालच्या बाजारगल्लीत, दाढीच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथला मुलगा स्वतः छातीपर्यंत दाढी वाढवलेला, म्हणजे हलवायानं उपास करावा तसं. त्यानं आधी सगळ्यात मऊ ब्रश काढला, बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा. मग डुकराच्या केसांचा, ताठ. मी म्हटलं, थोडं कोमट पाणी मिळेल का? तो बघतच राहिला. "आजवर कुणी मागितलं नाही," म्हणाला, पण बिचाऱ्यानं चहाच्या कपातून आणून दिलं. मी ब्रश भिजवला, झटकला, डोळे मिटले आणि गालावर दाबून फिरवला. भर दुकानात! मऊवाला गालावर लोळला नुसता, खुंट उभे करायची त्याच्यात ताकदच नाही. ताठवाला टोचला. वापरून वापरून तो नरम पडला असता, पण मला तर दुसऱ्याच दिवशी हवा होता.

तुम्ही मला असेच डोळे मिटायला लावायचात. सोमवार, दुकान बंद, मी दहा वर्षांची. शाळेत जंतूंचा धडा झालाय, म्हणून तुम्हाला खूश करायला मी तुमचा लाडका ब्रश पातेल्यात घालून चांगला खळखळ उकळते. डिंक सुटतो, केस पाण्यावर तरंगायला लागतात. तुम्ही दारात येता, पातेल्यात बघता. "अगं कार्टे, ब्रश आहे तो, बटाटा नाही!" तुमचा तो एकच ओरडा मला आठवतो, कारण पुढच्या मिनिटाला तुम्हीच हसत सुटलात. मग मला सायकलवर बसवून नवा ब्रश घ्यायला नेलंत. दुकानदार कुरकुरत असताना स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यानं एकेक ब्रश भिजवलात, माझ्या गालावर टेकवलात आणि विचारलंत, "सांग, कुठला?" कोरडा ब्रश थापा मारतो, ओला झाला की कळतं, म्हणायचात. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ आणि खुंट मात्र तारेसारखे, म्हणून त्यांना टोकाला मऊ आणि बुडाशी ताठ असा लागतो. तसा इथं मिळाला, दोन्ही केस मिसळलेला. तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि कळलं, हाच.

शुक्रवारी सकाळी बाबांना स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसवलं. "तू?" म्हणाले. मी म्हटलं, "मी. हलू नका." गरम टॉवेल ठेवला, वाटीत फेस केला आणि ब्रश गोल गोल फिरवायला लागले. बाबांनी डोळे मिटले. जरा वेळानं म्हणतात, "हात अण्णांचाच आहे गं."

"तुम्हाला काय माहीत अण्णांचा हात?"

"लग्नाच्या दिवशी त्यांनीच केली की माझी दाढी! घाईत मी हनुवटी कापून घेतली, रक्त थांबेना. व्याह्यांनी खिशातून तुरटी काढली. म्हणाले, बसा, तीस वर्षं हेच करतोय. अगं, काय हात होता! वर मला म्हणतात, पोरीला कळू देऊ नका. तिनं बिझनेस सांगितलंय, तिचा शब्द राहू दे."

अण्णा, माझ्या हातात रेझर तसंच राहिलं. आज तुमच्या अंगावर ओरडावंसं वाटतंय. मी तुम्हाला लपवत होते आणि तुम्ही मला सांभाळून घेत होतात, माझ्याच लग्नात, खिशात तुरटी ठेवून! डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बाबांनी एक डोळा उघडला. "अगं, एकच गाल झालाय. दुसरा कर, मग रड."

केला. चकचकीत झाला. बाबा शाळेत जाऊन चार केक खाऊन आले, नातीनं वर्गभर गाल दाखवत फिरवलं म्हणे.

आणि रविवारी मराठी मंडळात एका काकूंनी विचारलं, "माहेरी वडील काय करायचे?" माझ्या तोंडून सवयीनं "बिझ..." निघालंच होतं. शेजारी बाबा शांतपणे भजी खात होते. माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, "सलून होतं त्यांचं. सांगलीत." काकू म्हणाल्या, "हो का," आणि चटणी मागितली. झालं, एवढंच. एवढ्यासाठी मी तुम्हाला चौदा वर्षं लपवलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी आज टाकलं नसतं, कारण एक गोष्ट अर्धीच झालीय. सलून म्हटलं मी. पण तुम्ही न्हावी होतात, हे मोठ्यानं म्हणायचं अजून राहिलंय.