ठमीच्या पाठीवर

१४ जानेवारी, मंगळवार

आली. आजच यायचं होतं! आळीत घरोघर हळदीकुंकू आणि मी मागच्या पडवीत चटईवर. आमच्या घरात पाळी आली की चार दिवस चुलीला आणि देवाला हात लावायचा नाही. कोणी बोलवायला आलं की सासूबाई दारातूनच सांगतात, "समिधा नाय येत, बाहेर बसलीय." झालं. दर महिन्याला माझा निकाल अख्ख्या भिसेगावाला कळतो. नापास!

ठमी वाणाची गाळणी मिरवत आली. "आई, कमळ्याची आई विचारत होती, तुला भाऊ कधी येणार?" सहा वर्षांची पोर, तिलाही सोडत नाहीत. मी म्हटलं, त्यांना सांग, आला की पेढे देऊ. ती लगेच सांगायला पळाली. मग मी तोंडात पदर कोंबून रडले. दुसऱ्याची वाट बघतोय त्याला तीन वर्षं झाली आता.

२० जानेवारी, सोमवार

खोपोलीला जाऊन आले. दवाखाने काय कर्जतलाही आहेत, पण तिथे बाकावरच्या निम्म्या बायका ओळखीच्या. घरी सांगितलं, आईकडे खालापूरला चाललेय.

डॉक्टरबाई बऱ्या वाटल्या. "पहिलं सहज राहिलं होतं ना? मग घाबरू नका. दोघांच्याही तपासण्या करू." दोघांच्या!

बाहेर येऊन नीलेशला फोन लावला. तो माथेरानला हॉटेलात स्वयंपाकी आहे. बुधवारी सुट्टी, तेवढाच उतरतो. म्हणाला, "मला कशाला? मी एका पोरीचा बाप हाय. तुझं काय ते बघ." मागून कोणीतरी रस्सा मागत होतं. फोन ठेवला.

२४ जानेवारी, शुक्रवार

नळ्यांची तपासणी. औषध आत सोडतात आणि फोटो काढतात. "थोडं दुखेल" म्हणाल्या. थोडं! ठमीच्या वेळेला मी एवढी ओरडले नव्हते.

नळ्या मोकळ्या आहेत. रक्तही ठीक. सगळं चांगलं आहे असं ऐकून मला ब्रह्मांड आठवलं. काही बिघडलं असतं तर दुरुस्त तरी करता आलं असतं. "मिस्टरांना आणा," बाई म्हणाल्या. आणते म्हटलं. कुठून आणू?

११ फेब्रुवारी, मंगळवार

आली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली. अंडं तयार आहे! इंजेक्शन देऊन बाई म्हणाल्या, "उद्या-परवा दोघं एकत्र राहा. चुकवू नका."

उद्या शनिवार, परवा रविवार. माथेरान फुल्ल. हॉटेलचा मालक शनिवार-रविवारी सुट्टी देत नाही, घरात कोणी आजारी असलं तरी देत नाही. नीलेश म्हणाला, "बुधवारी येतोच की." त्याला काय सांगू, अंडं बुधवारपर्यंत थांबत नाही!

२३ फेब्रुवारी, रविवार

मीच वर गेले. ठमीला आईकडे सोडलं. नेरळहून टॅक्सी, गाड्या दस्तुरीलाच थांबतात, तिथून पायी. घोडेवाले मागे लागले, "मॅडम, पॉईंट दाखवतो." मी कुठल्या पॉईंटला चाललेय ते त्यांना काय माहीत!

हॉटेलच्या मागे पत्र्याची खोली, त्यात आठ जण झोपतात. मला बघून नीलेशचा चेहरा उतरला. "इथं?" एवढंच म्हणाला. शेवटी त्याच्याबरोबर भाज्या चिरणाऱ्या गजाने चादरी ठेवायची खोली उघडून दिली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, जेवणाची गर्दी हाय, आता कोन चादरी न्यायाला येनार नाय." त्याला सगळं कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं.

धुतलेल्या चादरींचा ढीग, खालून सहलीच्या पोरांचा आरडाओरडा. नीलेश म्हणाला, "लग्नाच्या बायकोला चोरासारखं भेटायचं." मग आम्ही दोघंही थोडं हसलो. बऱ्याच महिन्यांनी. पण निघताना तो वळून बोलला, "हे पुन्यांदा करू नको." उतार लागला. जपून चालले, उगाचच, काही सांडेल म्हणून.

८ मार्च, शनिवार

काही लिहीत नाही. लिहिलं की दृष्ट लागेल.

११ मार्च, मंगळवार

आली.

१२ मार्च, बुधवार

सासूबाईंनी पडवीच्या उंबऱ्यावर चहा ठेवला, पण गेल्या नाहीत. तिथेच बसल्या. "तुला बोलत नाय गं मी. पन ठमीच्या पाठीवर कोन नाय. आमी गेल्यावर पोर एकली पडंल." शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

नीलेश आज उतरलाच नाही. होळीची गर्दी म्हणे.

सकाळपासून नुसती पडून आहे. ठमीची वेणीसुद्धा घातली नाही. मला मूल हवंय की हे सगळं संपायला हवंय, तेच आता कळत नाही. आपलंच शरीर आपल्याला नकोसं झालंय. अशा वेळी कोणी "एक आहे ना, देवाचे आभार मान" म्हणालं की वाटतं त्याच्या कानाखाली वाजवावी. ठमी आहे म्हणून मी रडायचंसुद्धा नाही का?

१९ मार्च, बुधवार

नीलेश आला. मी भांडले नाही. म्हटलं, "यापुढे एकही सुई घेणार नाही. मी थकले. तुमच्या आईला तुम्हीच सांगा, ठमीवर थांबायचं म्हणून." तो उठला. मग चपला घातल्या. "चल. देतो एकदाचं. तुज्या समाधानासाठी."

खोपोलीला जाऊन तपासणीला देऊन आला. रस्त्यात मला उसाचा रस पाजला. लाजत होता. मला त्याची दया आली.

२६ मार्च, बुधवार

शून्य.

शुक्राणू कमी नाहीत, शून्य. डॉक्टरबाईंनी दोनदा समजावलं. मग विचारलं, मोठेपणी कधी गालगुंड झालं होतं का? नीलेश नाही म्हणाला. मी म्हटलं, झालं होतं! ठमी दोन वर्षांची असताना. हॉटेलातल्या सगळ्यांना झालं होतं. हा घरी आला तो गाल सुजलेले, ताप, आणि खालीही सूज. लाजेने डॉक्टरला दाखवलंच नाही, सासूबाई लेप लावत बसल्या. बाई म्हणाल्या, "त्यानेच झालं असणार. मुलगी त्याच्या आधीची, म्हणून तेव्हा अडचण आली नाही. पुन्हा तपासू. अजून मार्ग आहेत."

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. मी नव्हे! तीन वर्षं पडवीत मान खाली घालून बसले ती उगाच! लगेच नीलेशकडे बघितलं आणि लाज वाटली. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाई पुढचं काय काय सांगत होत्या, त्याला काही ऐकू येत नव्हतं.

परतीच्या गाडीत तो दारातच उभा राहिला. कर्जतला मी उतरले. तो उतरला नाही, तसाच पुढे नेरळला गेला.

३० मार्च, रविवार

पाडवा. फोन उचलत नाही. गुढी सासूबाईंनी आणि मी उभारली. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. त्याला सावरायला वेळ देते.

२ एप्रिल, बुधवार

नीलेश आला. ठमी "बाबा" करत धावली, तिला त्याने हाताने बाजूला केलं. पाणी दिलं, प्यायला नाही. मी म्हटलं, आपण पुन्हा बाईंकडे जाऊ, मार्ग आहेत म्हणाल्यात. त्याने ठमीकडे बोट केलं. मग म्हणाला, "माज्यात शून्य हाय. मग ही कोनाची?"

ठमी तिथेच उभी होती.