दोन बोटं उंच पायरी

१९ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत, तुम्हीही सगळे असाल. पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर आपण दोघं हवापाण्याच्या पुढे जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

लेकीकडे परदेशात येऊन आठ दिवस झाले. जावयानं रजा काढलीय आणि आम्हाला अख्खी राजधानी दाखवायचा विडा उचललाय. सकाळी नऊला बूट घालून दारात उभा! आत्तापर्यंत दोन राजवाडे, एक संग्रहालय आणि जुना पूल झाला. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण ती म्हणते, पुन्हा कोण येतंय इथे. मी आपला सगळीकडे दारं, चौकटी आणि जिने बघतो. राजाराणीच्या तसबिरींकडे पाठ करून उभा असतो म्हणून लेक चिडते. "बाबा, इथे आलात तरी सुतारकीच!" चाळीस वर्षांची खोड, आता कुठे जाणार?

आणि संध्याकाळी पब. हसू नकोस. इथे लोक पोराबाळांसकट येतात, म्हातारे कोपऱ्यात पेपर वाचत बसतात. तरी पहिल्या दिवशी जावयासमोर बिअरचा ग्लास धरताना माझे कान तापले होते. तुझ्या वहिनीनं लिंबू सरबत मागवलं. मग माझ्या ग्लासातला एक घोट घेतला, "शी, कडू आहे," म्हणाली आणि आणखी एक घेतला. तिसऱ्या दिवसापासून तिचा स्वतःचा अर्धा ग्लास येतो. तिच्या माहेरी बोलू नकोस.

आता परवाचं सांगतो.

एका जुन्या बुरुजावर चढलो. अरुंद, गोल, दगडी जिना. शेवटच्या पायरीला जावई अडखळला, लेक अडखळली, मीही अडखळलो. गाइड बाई वर उभी राहून हसत होती. म्हणाली, "ही पायरी मुद्दाम दोन बोटं उंच ठेवली आहे. शत्रू धावत आला की तोंडावर पडावा म्हणून. बघा, केवढे हुशार कारागीर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाकून पाहिलं. वरच्या मजल्याच्या दगडी जमिनीवर दोन बोटं जाडीच्या फळ्या टाकल्या होत्या. शत्रूबित्रू काही नाही रे. जिन्याचं माप घेतलं तेव्हा फळ्या टाकल्या नव्हत्या आणि घेणारा त्या धरायला विसरला. मला हे वाकायच्या आधीच, पाय अडकला तेव्हाच कळलं होतं.

संध्याकाळी पबमध्ये जावई ती शत्रूची गोष्ट शेजारच्या टेबलाला रंगवून सांगायला लागला. मला राहवलं नाही. म्हणालो, "ती चूक आहे. मीही केलीय एकदा, गावातल्या मास्तरांच्या घरच्या जिन्यात."

तुझ्या वहिनीनं ग्लास खाली ठेवला. "ती तर भावजींची चूक ना?"

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या हातानं कागदावर येऊ दे. वर टेप मी धरली होती. आकडे मी ओरडत होतो आणि खाली तू वहीत लिहीत होतास. तू विचारलंसही, "दादा, वरच्या फरशीची जाडी धरलीस का?" मी म्हणालो, "तू गपचूप लिही." जिना बसला, मग वर फरशी घातली आणि शेवटची पायरी उंच झाली. मास्तरांची आई तिथे पडली, मनगट मोडलं. बाबांनी वही उघडली, तर आकडे तुझ्या अक्षरात. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे आणि मी जमिनीकडे. माझं लग्न वीस दिवसांवर होतं. बाबा म्हणाले, "उद्यापासून वर्कशॉपात पाय ठेवू नकोस." तू पटाशी पुसून जागेवर ठेवलीस आणि निघून गेलास. महिन्याभरात बसचं स्टिअरिंग धरलंस, ते निवृत्तीपर्यंत. कुणाला एका शब्दानं बोलला नाहीस. माझ्या लग्नात पाहुण्यांना वाढायलाही होतास.

पबमध्ये हे सगळं बोलून झालं. लेक माझ्याकडे बघेना. तुझ्या वहिनीनं विचारलं, "हे भावजींना कधी म्हणालात?"

"त्याला माहीतच आहे."

"माहीत असणं वेगळं. तुम्ही म्हणालात का?"

"नाही."

"मग आम्हाला कशाला सांगताय?"

म्हणून हे पत्र. माप माझं होतं, चूक माझी होती आणि गप्पही मीच बसलो. तुझ्या मुलांना वाचून दाखव. त्यांना काका मोठा कारागीर वाटतो, त्याची मला लाज वाटते.

पुढच्या महिन्यात परतताना तुझ्या गावी उतरेन म्हणतो. पण त्याआधी उरलेलं वाच, मग दार उघडायचं की नाही ते ठरव. हे मी पबमध्येही बोललो नाही.

बाबा अंथरुणाला खिळले होते, तेव्हा एका दुपारी मला म्हणाले, "धाकट्याचा हात तुझ्यापेक्षा चांगला होता. एका चुकीपायी मी त्याला घालवायला नको होतं. बोलाव त्याला." मी हो म्हणालो आणि तुला कळवलं नाही. पितळ उघडं पडेल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मला तुझा हेवा वाटला. दार वाजलं की बाबा मान वळवून बघायचे. मी सांगत राहिलो, "त्याला सुट्टी मिळत नाहीये."

तू आलास तेव्हा ते गेले होते. मला म्हणालास, "आधी कळवायचं नाही का रे, दादा?" मी म्हणालो, वेळच मिळाला नाही.

आठ दिवस होते, धाकट्या.

तुझा भाऊ
(दादा लिहायला आज हात होत नाही)