बंद झडपांचा कारखाना

१२ फेब्रुवारी

झालं एकदाचं. पुण्याहून परीक्षक येऊन गेले. मी आणि गौरी, दोघी उगाच साड्या नेसून सकाळपासून गेटवर. कॉलेजपासूनची मैत्रीण, आठ वर्षांची आर्किटेक्ट ऑफिसातली भागीदार, तरी आज पहिल्यांदाच दोघींना एकदम इतकी भीती वाटली.

कारखाना टॉवेलचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, नकाशा आमचा. मालक मल्लिनाथशेठ. परदेशी गिऱ्हाईक म्हणतं इमारत ग्रीन पाहिजे, म्हणून त्यांना प्रमाणपत्र पाहिजे. मला गार कारखाना पाहिजे होता. ते जमलं एकत्र.

परीक्षक कमी बोलणारे. भर दुपारी आतले सगळे दिवे बंद करायला लावले. मागावरचा माणूस तुटलेला धागा जोडत होता, तो थांबलाच नाही. एवढा उजेड! करवतीच्या दातांसारखं छप्पर, उत्तरेकडून येणारा उजेड, ऊन अजिबात नाही. गरम हवा वरच्या झडपांतून बाहेर जाते हे दाखवायला मी उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला. ते हसले.

गौरीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

इमारत नकाशाप्रमाणेच आहे, या प्रतिज्ञापत्रावर सही माझी. हरित इमारतींची परीक्षा मी दिलेली आहे, गौरीने नाही. सही करताना ती म्हणाली, "सुजाता, तू नसतीस तर हे झालंच नसतं."

१६ फेब्रुवारी

आर्किटेक्चर कॉलेजमध्ये माझा तास. चौथ्या वर्षाला "हरित इमारतींची ओळख". सुरुवात नेहमीचीच: ग्रीन बिल्डिंग म्हणजे भिंतीवर चढवलेला वेल नव्हे. ऊन किती आत येतं, पाणी कुठून येतं आणि वापरून झाल्यावर कुठे जातं, आतला माणूस श्वास कसा घेतो. त्या प्रत्येकाला गुण. गुणांची बेरीज झाली की सिल्व्हर, गोल्ड वगैरे.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, एकदा प्रमाणपत्र मिळालं की परत कोण बघायला येतं?"

"आपण. ज्यांनी बांधली ते."

स्वतःवर खूश होऊन घरी आले.

९ मार्च

गोल्ड!!

स्वागतकक्षात पितळी बोर्ड लागला. खाली वास्तुविशारद म्हणून दोघींची नावं. अम्माला, माझ्या आईला, मुद्दाम नेलं होतं. आमची घरची भाषा तेलुगू, तिला मराठी सावकाश वाचता येतं, माझ्या नावावरून बोट फिरवत तिने एकेक अक्षर वाचलं. मग पदराने बोर्ड पुसला, माझ्या नावापुरताच.

संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. अम्मा, तो जुना पत्र्याचा कारखाना सोड आता. टॉवेलच्या कडाच शिवायच्यात ना, इथे शीव. मी शेठशी बोलते. ती नको नको म्हणत होती. तिथे तिची सगळी माणसं, मालकीणबाई ओळखीची. मी हट्ट धरला. म्हटलं, मी बांधलाय तो, तुझ्यासारख्या बायकांसाठीच बांधलाय.

गौरी होती जेवायला. आमच्या घरी शिकलेले दोन तेलुगू शब्द वापरत, "अम्मा, आकली!" म्हणत आली होती, नेहमीसारखी. भुकेली होती म्हणे, पण ताटात नुसती चिवडत बसली. काही बोलली नाही. दमली असेल.

२ एप्रिल

अम्माचा पहिला दिवस. येताना मोगरा घेऊन आली. "सुजा, सुई ओवायला चष्मा लागला न्हाय बघ. वरनं वारं येतंय. झाडाखाली बसल्यावानी वाटतंय की गं."

आज मरण आलं तरी चालेल, असलं काहीतरी डोक्यात आलं. लिहू नये.

१७ एप्रिल

गौरीला म्हटलं, चौथ्या वर्षाच्या पोरांना कारखाना दाखवायला नेते. ती म्हणाली, "आत्ता नको. मोठी ऑर्डर चालू आहे, शेठ चिडतील. जूनमध्ये ने." प्रमाणपत्रानंतरच्या भेटीही तीच करतेय. तू कॉलेज सांभाळ, तिकडचं मी बघते, असं ठरलंय.

उन्हाळा भयंकर. अम्मा आली की थेट मोरीत. डोक्यावर तांब्यामागून तांब्या ओतत बसते. विचारलं, कारखान्यात गरम होतं का?

"थंड हाय की. माझं वय झालं."

२३ एप्रिल

अम्माच्या मानेवर घामोळं. पाठीवरही. पावडर लावून दिली. विचारलं तर म्हणाली, शहरभर उकाडा आहे, मी एकटी काय वेगळी.

२९ एप्रिल

 जमेल तसं लिहिते.

जूनमध्ये परीक्षा, तेव्हा मुलं कुठली यायला. म्हणून आजच नेलं, गौरीला न सांगता. गेटवरचा ओळखीचा, त्याने सोडलं. स्वागतकक्षात पोरांनी बोर्डाचे फोटो काढले. मी पुढे होऊन आतलं दार उघडलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ अंगावर आली.

झडपा बंद. सगळ्या. बाहेरून पत्रे ठोकलेले. खाली भर दुपारी ट्यूबलाइटी, कारण छपराखाली लोखंडी पोटमाळा घातलाय, त्यावर सुताच्या गोण्या थेट काचांपर्यंत. उत्तरेचा उजेड गोण्यांवर पडतोय. बाहेर पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा होता, तो बुजवून वर शेड.

मुलं वह्या उघडून उभी. कुणी काही लिहीना. फेब्रुवारीतला तो प्रश्न विचारणारी मुलगी माझ्याकडे बघायचंच टाळत होती. तिने हसायला हवं होतं. बरं वाटलं असतं.

पोटमाळ्याच्या खाली शिलाईच्या मशिनी. तिसऱ्या मशिनीवर अम्मा. ब्लाऊज पाठीला चिकटलेला. तिने मला पाहिलं आणि ओळख न दाखवता मान खाली घातली. मशीन चालूच.

मुलांना बसमध्ये बसवून शेठच्या केबिनमध्ये गेले. ते चहा सांगायला लागले! चोरी पकडल्याचा भाव नाहीच.

"मॅडम, कोरडी हवा लागली की धागा तुटतो. झडपा उघड्या ठेवून माग चालंल व्हय? आन् जागा तरी कुटं हाय माल ठेवायला?"

"मग मला का नाही सांगितलं? धाग्यासाठी ओलावा वेगळ्या रीतीने देता आला असता, मी केलं असतं."

"सांगायचं काय त्यात? माळ्याचा नकाशा तर तुमच्याच हापिसातला हाय. गौरीमॅडमनी पैल्यापास्नंच काढून ठेवला होता की. खांबाला आधार आधीच लावून घेतले म्हणून तर माळा एका आठवड्यात बसला."

खांबांवरचे ते लोखंडी आधार. बांधकाम चालू असताना मी विचारलं होतं गौरीला. म्हणाली होती, पुढे क्रेन लावायची झाली तर असावेत.

शेठ खरंच गोंधळले होते. "तुमाला म्हायती न्हवतं?"

३० एप्रिल

ऑफिस. गौरी आधीच येऊन बसलेली. शेठने फोन केला असणार.

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. निदान रडेल. तिने लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस."

बस्स. एवढं सरळ.

मग पुष्कळ बोलली. सगळीकडे असंच चालतं. बोर्ड लागला की इमारत मालकाची, तो काय वाटेल ते करेल. शेठची अजून दोन कामं येणार आहेत, ती गेली तर ऑफिस उभं राहत नाही. तू तत्त्वं सांभाळतेस, ऑफिस मी सांभाळते, कुणीतरी घाणीत हात घालायलाच हवा. यातलं काही खोटं नाही बहुतेक. मी ऐकत होते.

शेवटी म्हटलं, "अम्माला तिथे पाठवायचं मी ठरवलं तेव्हा तू आमच्या घरात जेवत होतीस."

तिने बंद लॅपटॉप बाजूला सरकवला.

"एकदा तरी म्हणायचंस, नको पाठवू म्हणून. कारण नसतं सांगितलंस तरी चाललं असतं. मी ऐकलं असतं तुझं."

ती खिडकीकडे वळली. मग अगदी हळू, "मला वाटलं त्या तशाही पत्र्याखालीच बसायच्या."

माझी पर्स घेतली आणि निघाले. जिन्यात लक्षात आलं, चप्पल ऑफिसातच राहिली. परत गेले नाही. अनवाणी रिक्षा.

१ मे

कारखान्याला सुट्टी. अम्मा सकाळपासून भांडी घासतेय, घासलेलीच.

"कधीपासून?"

"तू इचारू नको."

"अम्मा, कधीपासून पत्रे ठोकलेत?"

"मी कामाला लागल्यावर आठ-दहा दिसांनी," म्हणाली.

"आणि मला रोज थंड हाय, थंड हाय?"

ती ओट्याला टेकली. "तू किती खूश होतीस. बोर्डावर नाव हाय तुझं. मी कसं सांगू? सायब, बाया इचारत्यात, हा कारखाना कुणी बांधला, तर मी सांगते माझ्या पोरीनं."

गौरीने फसवलं ते एक. हे दुसरं, आणि याचा राग धरावा तर कुणावर? तरी आला राग. ताट न घेता बाहेर पडले. दुपारी परत आले तर तिने माझ्या वाटणीचा भात आणि पच्चडीची चटणी झाकून ठेवलेली.

म्हटलं, सोड ती नोकरी. जुन्या ठिकाणी तिची मशीन दुसऱ्या बाईला दिलीय म्हणे. तिने विचारून पाहिलं होतं. मला न सांगता.

११ मे

आठवडाभर घरीच. गौरीचे फोन, उचलत नाही.

अम्माला चक्कर आली कारखान्यात. शेजारच्या मशिनीवरच्या रजियाबींनी फोन केला. गेले धावत. अम्माला स्वागतकक्षात आणून बसवलेलं, कारण साऱ्या इमारतीत गार जागा तेवढीच, तिथे एसी आहे. बोर्डाच्या खाली खुर्चीवर. रजियाबी ओल्या टॉवेलने तिचं तोंड पुसत होत्या आणि मला बघून म्हणाल्या, "तुमची अम्मा बहुत जिद्दी है. मैं बोली, बेटी को बोलो. नहीं बोली."

डॉक्टर म्हणाले, उष्णतेचा त्रास. सलाईन लावलं. संध्याकाळी सोडलं.

१२ मे

मानांकन देणाऱ्या संस्थेला मेल केला. सकाळी, चहाआधी, नाहीतर धीर गेला असता. ज्या इमारतीबद्दल मी सही केली ती इमारत आता तशी नाही. झडपा, उजेड, खड्डा, तिन्ही. माझ्याच कार्यालयातून बदल झाला. मला ठाऊक नव्हतं, पण सही माझी आहे.

गौरीचं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी नाही लिहिलं. का, ते कळत नाही.

१९ मे

उत्तर आलं. पुन्हा तपासणी होईल. परीक्षक तेच. १ जून, सोमवार. सही करणारी म्हणून मी हजर राहायचं, जे काय ते समक्ष सांगायचं. माझी मान्यताही जाऊ शकते असं शेवटी एक सभ्य वाक्य.

शेठचा फोन. आवाज चढला नाही. "मॅडम, बोर्ड उतरला तर गिऱ्हाईक जाईल. गिऱ्हाईक गेलं की पैलं शिलाईखातं कमी हुतंय. तुमच्या आईला इचारा, तितं किती बाया हायत."

२२ मे

शिलाईच्या चौघी घरी आल्या. अम्माने सतरंजी अंथरली. रजियाबी म्हणाल्या, बोला तुम्ही, आम्ही मरतोय. दुसरी म्हणाली, आन् काम गेलं म्हंजे जगतोय व्हय? तिघी एकदम बोलायला लागल्या. अम्मा चहा गाळत राहिली, कुणाच्याच बाजूने बोलली नाही.

जाताना दुसरीने माझा हात धरला. "ताई, राग नका धरू. पण आदी इचारायचं होतं आमाला."

खरंय. मलाही कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही तेच केलं.

३० मे

अम्मा आज लवकर आली, उत्साहात. कारखान्यात पत्रे काढतायत. पोटमाळ्यावरच्या गोण्या ट्रकमध्ये भरून नेल्या. बाहेरची शेड उतरली. "सुजा, आज वारं आलं बघ. परत पैल्यासारखं."

कॉलेजजवळ गौरी भेटली. भेटली म्हणजे, थांबून राहिली होती. बारीक झालीय. म्हणाली, "सोमवारपर्यंत सगळं मूळ नकाशाप्रमाणे होईल. तू फक्त म्हण की गैरसमज झाला. कुणाचं काही जाणार नाही. ना तुझं, ना बायकांचं."

"आणि मंगळवारी?"

तिने पिशवीत हात घातला. माझी चप्पल कागदात गुंडाळून आणली होती. घेतली मी.

३१ मे, रविवार

दिवसभर पाहुणे आल्यासारखी अम्माची गडबड. उद्यासाठी माझी साडी इस्त्रीला देऊन आली, तीच, फेब्रुवारीतली. मी नेसणार नाही म्हटलं. तिने घडी कपाटात ठेवली.

जेवताना तिने विचारलं, "त्या सायबाला काय सांगणार तू?"

"अजून ठरलं नाही."

"वारं येतंय आता. तेवढं ऱ्हाऊ दे की."

"ते राहणार नाही अम्मा. ते गेले की परत ठोकतील."

"मग परत सांग त्यांना."

"परत कोण ऐकेल माझं? उद्या मी खोटं बोलले तर?"

तिने भात कालवला. मग म्हणाली, तू जा, मी पण मशिनीवर असणार, मला बघून बोल. एवढंच. मला बघून सांग, की मला बघून गप्प बस, ते कळलं नाही. विचारलं तर उठून हात धुवायला गेली.